दोन तालुक्यांची चव

माझा भाचा गेल्या वर्षी हॉटेलातल्या नोकरीसाठी माल्टाला गेला. भूमध्य समुद्रातला तो इवलासा देश, सगळा मिळून ३१६ चौरस किलोमीटर. आमचा बारामती किंवा इंदापूर तालुका एकेकटाच त्याच्या कितीतरी पट मोठा. पहिल्याच महिन्यात फोनवर त्यानं तिथलं खाणं सांगितलं. मंद आचेवर शिजवलेलं सशाचं कालवण, चीज नाहीतर वाटाणा भरलेल्या खुसखुशीत पास्तिझी आणि ‘फ्तीरा’ नावाचा चपटा पाव. या फ्तीराच्या परंपरेला २०२० साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथं सांगतात म्हणे, हे खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मग त्यानं विचारलं, “आत्या, आपल्याकडं कुणी आलं तर काय सांगायचं गं?”

माझं माहेर बारामती तालुक्यात सुप्याच्या बाजूला, जिरायत पट्ट्यात. सासर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याला लागून. दोन्हीकडच्या चुलींपुढं मिळून साठ वर्षं गेली. त्यातून जे कळलं ते भाच्यासाठी लिहून काढलं, तेच इथं देते.

१. आधी पाणी विचारा, मग पदार्थ

आमच्याकडं गावाचं जेवण जातीपेक्षा, पैशापेक्षा पाण्यावर ठरत आलं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला आणि १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी खेळू लागलं. कालव्याखालच्या गावांत ऊस आला, गूळ आला, पुढं साखर कारखाने आले. कालव्याच्या वरचं अंग तसंच कोरडं राहिलं. तिथं बाजरी, मटकी, हुलगा. मग १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं, ११७ टीएमसीचं, आणि इंदापूरच्या उत्तरेकडची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्या पाण्यानं तिसरं जेवण आणलं, माशाचं.

माहेरी पाहुण्याला गूळ-पाणी देताना आई गुळाचा खडा मोजून द्यायची. काटेवाडीकडच्या मावशीच्या घरी गुळाची ढेप फोडलेली तशीच कोपऱ्यात असायची. अंतर जेमतेम तासाचं.

२. हुलग्याला गरिबाचं धान्य म्हणून बाजूला सारू नका

माझ्या यादीत हा पदार्थ पहिला, शेंगोळे. भाचा म्हणाला, मटण सोडून शेंगोळे? मी म्हटलं, हो.

हुलगा हलक्या रानात येतो, पाऊस दोनदा हुलकावणी देऊन गेला तरी तग धरतो. बैलाला घालतात, घोड्याला घालतात, म्हणून माणसं त्याला कमी लेखतात. पण १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, शाळेत सुकडी मिळायची, आणि आईच्या मडक्यात तळाशी दोन पायली हुलगे होते. थंडीतल्या एका रात्री तिनं त्याचे शेंगोळे केले. तेल जवळजवळ नव्हतंच. त्या वाटीची चव मला अजून आठवते.

करायचे असे. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ वाटून घालायचं आणि पीठ घट्ट मळायचं. तळहातावर लांबट वळ्या करून त्यांची टोकं जोडायची. पातेल्यात लसणाची फोडणी देऊन पाणी ठेवायचं आणि त्याला खळखळून उकळी आल्याशिवाय एकही शेंगोळा सोडायचा नाही. इथंच चुकतं. सासरी पहिल्यांदा केले तेव्हा मी घाई केली आणि सगळ्याचं पिठलं झालं. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, “पाण्याला बोलू दे आधी.” शिजत आले की थोडं पीठ पाण्यात कालवून सोडायचं, म्हणजे रस्सा दाटतो. वरून कच्चं तेल आणि सोबत कांदा. भाकरी असली तर उत्तम, नसली तरी चालतं.

त्याच हुलग्याचं माडगंही होतं. हुलगे भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात शिजवायचं, गूळ आणि सुंठ घालायची. सर्दी-पडशाला आमच्या घरात पहिलं औषध हेच.

हॉटेलात शेंगोळे क्वचित मिळतात. जिरायत गावात ओळख काढा, एखाद्या म्हातारीला हात जोडून विनंती करा. ती नाही म्हणणार नाही.

३. गुऱ्हाळावर जाताना भाकरी बांधून न्या

बारामतीचा गूळ-बाजार जुना. आता ऊस बहुतेक कारखान्यांना जातो, तरी गुऱ्हाळं अजून आहेत. दिवाळीनंतर चुलवाण पेटतं. चिपाडांचा जाळ, वर भली मोठी काहील, त्यात उकळणारा रस. रसातली मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी सोडतात आणि झाऱ्यानं मळी काढत राहतात. रस घट्ट होत जातो, रंग बदलतो. गूळ होण्याच्या थोडं आधी गुळव्या जी काढून देतो ती काकवी. गरम काकवी, बाजरीची भाकरी आणि असलं तर घरचं लोणी. या पदार्थाला दुसरं काही लागत नाही, आणि बाटलीतल्या काकवीला ही चव नाही.

एक सांगते, पिवळाधम्मक गूळ बघून भुलू नका. तो रंग बहुधा हायड्रोस पावडरीचा असतो. चांगला गूळ तपकिरी, थोडा काळपट दिसतो.

४. मासा पाटी वाचून खाऊ नका

सासूबाईंनी धरणाआधीची भीमा पाहिली होती. उन्हाळ्यात वाळवंटात कलिंगडं, खरबुजं लावायचे, आणि डोहातला मरळ, वाम, शिंगटा भोई लोक पाटीत घालून दारावर आणायचे. धरण झालं, गाव उठलं, घर वर बांधलं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं, आणि माझे सासरे दर वर्षी तिथं जाऊन नारळ फोडायचे.

आज उजनीत सगळ्यात जास्त दिसते ती चिलापी. ती मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली १९५२ साली. कुठल्याही पाण्यात वाढते, भराभर वाढते, आणि जुने मासे तिच्यापुढं मागं पडले. सासूबाई शेवटपर्यंत तिला परकी म्हणायच्या. मी मात्र चिलापीवर अन्याय करणार नाही. धरणात जमीन गेलेल्या कितीतरी घरांची चूल तिनं पेटती ठेवली. काटे कमी, मांस पांढरं, मुलं आवडीनं खातात. हळद, मीठ, लिंबू आणि ठेचलेला लसूण लावून तासभर ठेवा, ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर कमी तेलात भाजा.

रस्सा करायचा तर वाम किंवा मरळच हवा. कांदा आणि सुकं खोबरं चुलीत भाजून वाटायचं, त्यात लसूण, कोथिंबीर, घरचं काळं तिखट, थोडी चिंच. ओला नारळ घालू नका, ती कोकणची रीत आहे आणि तिथंच शोभते.

आता अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मुंबईचे पाहुणे घेऊन आम्ही पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका हॉटेलात गेलो. पाटीवर मोठ्या अक्षरांत उजनीची ताजी मच्छी. ताटात आला तो बर्फातला, भुसभुशीत मासा, वर लाल रंगाचा तवंग. समोर अर्ध्या तासावर धरण, आणि पाहुण्यांना शिळा मासा! मला फार लागलं. तेव्हापासून मी पाहुण्यांना घेऊन सकाळीच भिगवणच्या मासळी बाजारात जाते. लिलाव होतो, होड्यांचा माल येतो. डोळा स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लालभडक, बोट दाबलं की मांस लगेच वर यावं, एवढं बघायचं. मग मासा घरी न्यायचा, नाहीतर समोर मासा दाखवून रांधणाऱ्या खाणावळीत बसायचं. अशा खाणावळी इथं आहेत, आणि चांगल्या आहेत. हिवाळ्यात गेलात तर कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षीही दिसतील. तेही याच पाण्यावर जेवायला येतात.

५. जत्रेचं मटण विकत मिळत नाही

चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. पहिला दिवस पोळ्यांचा. देवाला पुरणाचा नैवेद्य, घरात कटाची आमटी. दुसरा दिवस बोकडाचा. रानात दगडांच्या चुली मांडतात आणि त्या दिवशी रांधतात ते पुरुष. आधी हळद-मिठात मटण शिजवून निघालेलं अळणी पोरांना वाटीवाटीनं देतात, मग तिखटाचा रस्सा. भाकरी चुरायची, वर रस्सा ओतायचा, पंगतीला मांडी घालून बसायचं.

तसं मटण आता हॉटेलांतही करतात, काही ठिकाणी चवही बरी असते. पण जत्रेत शेजारी बसलेला माणूस तुम्हाला ओळखत नसतानाही “वाढा यांना अजून” म्हणतो. बोलावलं तर जाच. माळकरी असाल तर पोळीच्या दिवशी जा.

६. चंपाषष्ठीआधी भरीत मागू नका

बारामती कऱ्हेच्या काठी, आणि याच नदीकाठी वर जेजुरीचा खंडोबा. चातुर्मासात वांगं-कांदा सोडलेली घरं चंपाषष्ठीला तळी भरतात आणि भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं पुन्हा खायला लागतात. चार महिन्यांनंतरच्या त्या पहिल्या घासाला वांगं वेगळंच लागतं.

७. हुरड्याला तारीख नसते

पौषात ज्वारीच्या कणसात दूध भरून दाणा कोवळा असतो तेवढे थोडे दिवस. लोक महिनाभर आधी रविवार ठरवतात आणि निबर दाणे चावून परत जातात. शेतकऱ्याला फोन करा, तो म्हणेल त्या दिवशी या, मग तो मंगळवार असला तरी. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, पाखडून गरम दाणे पुढ्यात. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही.

८. पालखीच्या दिवसांत पाहुणे नको, वाढपी व्हा

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या दोन्ही तालुक्यांतून जाते. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्यांचं गोल रिंगण. वाटेवरच्या घराघरांत पहाटे तीनला तवे चढतात. दिंडी उतरायची असली की आमच्या घरी चार बायका भाकरी थापतात, दोघी भाजतात. पिठलं, आमटी, भात, ठेचा. पन्नास माणसं जेवून उठली की त्याच पिठल्याच्या पातेल्याशी बसून आम्ही खातो. खरपुडी खरवडून भाकरीवर घ्यायची. पिठल्याची खरी चव मला तिथंच कळली.

भाच्याला एवढंच लिहून पाठवलं. पौषात तो रजेवर येतोय, सोबत तिथला एक स्वयंपाकी मित्र आहे. सुप्याच्या बाजारातून हुलगे आणून निवडून ठेवलेत. तुम्ही येणार असाल तर एक दिवस आधी सांगा, आणि तुमच्या घरात शेंगोळे वळणारी कुणी असेल तर यंदाच्या थंडीत तिच्याशेजारी बसून शिकून घ्या.