‘येस’ म्हणालात आणि घोळ झाला? इंग्रजीतले नकारार्थी प्रश्न, धंद्याच्या भाषेत



आपल्यापैकी बरेच जण इंग्रजी बोलायला घाबरतात ते व्याकरणामुळे. पण धंद्यात मोठमोठ्या वाक्यांपेक्षा जास्त नुकसान करतो तो एक छोटा शब्द, ‘येस’. समोरच्याने प्रश्न ‘नाही का?’ अशा पद्धतीने विचारला की आपलं ‘येस’ उलटं पडतं.

समजा, परभणीत तुमचं तूरडाळीचं छोटं युनिट आहे आणि हैदराबादचा एक व्यापारी तुमच्याकडून माल घेतो. त्याचा फोन येतो, ‘हॅवन्ट यू सेंट द स्टॉक?’ म्हणजे ‘माल पाठवला नाही का?’ माल अजून गोडाऊनलाच आहे. तुम्ही मराठीत विचार करता, ‘हो सर, नाही पाठवला,’ आणि तोंडातून निघतं ‘येस सर.’ त्याने काय ऐकलं? माल निघाला! तो पुढच्या दुकानदाराला शब्द देऊन मोकळा होतो. दोन दिवसांनी गाडी पोचत नाही, तेव्हा तुम्ही खोटं बोललात असं त्याला वाटतं. तुम्ही खोटं बोललाच नव्हता. पण गिऱ्हाईक तर गेलं.

असं का होतं?

मराठीत आपलं ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतं. ‘लाइट आली नाही का?’ ‘हो ना, नाही आली.’ म्हणजे तुझं बरोबर आहे. कुणी ‘नाही, नाही आली’ असंही म्हणतं. दोन्ही चालतं, कारण पुढचं ‘नाही आली’ सगळं स्पष्ट करतं.

इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ प्रश्नाकडे बघत नाहीत, खऱ्या परिस्थितीकडे बघतात. काम झालं असेल तर ‘येस’, झालं नसेल तर ‘नो’. प्रश्न सरळ असो की उलटा, उत्तर तेच राहतं.

‘हॅव यू सेंट द स्टॉक?’ पाठवला नसेल तर: ‘नो, आय हॅवन्ट.’
‘हॅवन्ट यू सेंट द स्टॉक?’ पाठवला नसेल तरीही: ‘नो, आय हॅवन्ट.’
पाठवला असेल तर दोन्ही प्रश्नांना: ‘येस, आय हॅव.’

एवढं एक सूत्र वहीत लिहून ठेवा: प्रश्नातला ‘नॉट’ विसरा, वस्तुस्थिती बघा.

प्रश्न बनवायचा कसा?

साधा प्रश्न येत असेल तर हेही येतं. पहिल्या सहाय्यक क्रियापदाला ‘नॉट’ जोडायचा, बाकी वाक्य जसंच्या तसं.

‘डू यू हॅव स्टॉक?’ वरून ‘डोन्ट यू हॅव स्टॉक?’
‘इज द बिल रेडी?’ वरून ‘इजन्ट द बिल रेडी?’
‘डिड यू गेट द पेमेंट?’ वरून ‘डिडन्ट यू गेट द पेमेंट?’
‘विल यू कम टुमारो?’ वरून ‘वोन्ट यू कम टुमारो?’

तीन ठिकाणी आपली गाडी घसरते. एक, ‘डिडन्ट’ आलं की क्रियापद मूळ रूपात: ‘डिडन्ट यू गेट’, ‘गॉट’ नाही. दोन, ‘व्हाय यू डिडन्ट सेंड?’ हा क्रम चुकीचा. बरोबर वाक्य ‘व्हाय डिडन्ट यू सेंड?’ तीन, स्वतःबद्दल विचारताना ‘आरन्ट आय?’ म्हणतात. कानाला विचित्र वाटतं, पण तेच बरोबर: ‘आरन्ट आय ऑन युवर लिस्ट?’ म्हणजे ‘मी तुमच्या यादीत नाही का?’

मेल किंवा पत्र लिहिताना ‘नॉट’ वेगळा ठेवला की भाषा औपचारिक होते. तेव्हा तो कर्त्यानंतर येतो: ‘हॅव यू नॉट रिसीव्हड अवर बिल?’

बँकेत जास्त सांभाळा

आपल्याकडे बँकेत बदलून आलेले साहेब कधी आंध्रचे, कधी ओडिशाचे असतात आणि बोलणं हिंदी-इंग्रजीत होतं. समजा, तुम्ही पीएमईजीपीमधून, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, नवीन युनिटसाठी अर्ज केलाय. २००८ पासून चालू असलेल्या या योजनेचा अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फतही करता येतो. आधीच दुसऱ्या योजनेतून सरकारी अनुदान घेतलेलं युनिट यात नवीन युनिट म्हणून बसत नाही. साहेब विचारतात, ‘हॅवन्ट यू टेकन एनी सबसिडी बिफोर?’

तुम्ही घेतलेलं नाही. ‘येस सर’ म्हणालात तर अर्थ होतो ‘घेतलंय’. पात्र असून शंका ओढवून घेतली! इथे पूर्ण बोला: ‘नो सर, आय हॅवन्ट टेकन एनी सबसिडी.’

उलटही होतं. ‘आरन्ट यू रजिस्टर्ड ऑन उद्यम?’ तुमची नोंदणी आहे. ‘नाही नाही, आहे की!’ असं मनात येतं आणि ‘नो सर’ निघून जातं. उत्तर हवं: ‘येस सर, आय अ‍ॅम रजिस्टर्ड.’

म्हणून माझा सल्ला एकच. पैसा, तारीख, माल आणि कागदपत्रं या चार गोष्टींत नुसतं ‘येस’ किंवा ‘नो’ बोलून थांबू नका. गोंधळ वाटला तर ते दोन शब्द सोडूनच द्या आणि सरळ सांगा: ‘द स्टॉक इज स्टिल हिअर. आय विल सेंड इट टुमारो.’

प्रश्नामागचा सूर ओळखा

‘डू यू हॅव अ बिल?’ ही साधी चौकशी झाली. ‘डोन्ट यू हॅव अ बिल?’ यात ‘बिल तर असायलाच हवं होतं’ हा सूर आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाला असे प्रश्न जपून विचारा. ‘डिडन्ट यू रीड द लेबल?’ हे त्याला दटावल्यासारखं लागतं. उधारी मागताना ‘हॅवन्ट यू पेड?’ ऐवजी ‘कुड यू प्लीज चेक द पेमेंट?’ म्हणा. पैसेही मागितले जातात, संबंधही टिकतो.

पण प्रत्येक नकारार्थी प्रश्न रागाचा नसतो. ‘व्हाय डोन्ट यू सेंड अ सॅम्पल?’ याचा शब्दशः अर्थ ‘सॅम्पल का पाठवत नाही?’ आणि आपण लगेच कारणं द्यायला लागतो, ‘सर, लेबर नव्हतं, लाइट नव्हती...’ अहो, तो तर सुचवतोय, ‘एक सॅम्पल पाठवा ना!’ आपणही म्हणतोच की, ‘एकदा दुकानावर येऊन का बघत नाही?’ इथे उत्तर द्या: ‘शुअर सर, आय विल सेंड इट टुडे.’ मात्र ‘डोन्ट’च्या जागी ‘डिडन्ट’ आलं, ‘व्हाय डिडन्ट यू सेंड?’, तर तो जाब आहे. तिथे कारण सांगावंच लागेल.

तुम्ही विचारताना काय कराल?

समोरचा तेलुगू, कन्नड किंवा हिंदी बोलणारा असेल, तर तोही आपल्यासारखंच ‘येस’ म्हणू शकतो. मग ‘हॅवन्ट यू रिसीव्हड द मनी?’ असं विचारूच नका. सरळ विचारा: ‘हॅव यू रिसीव्हड द मनी?’ ‘येस’ आलं तर मिळाले, ‘नो’ आलं तर नाही.

आजचा सराव

खालच्या तीन प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्या.

१. ‘डिडन्ट यू गेट माय मेसेज?’ मेसेज मिळालाय.
२. ‘इजन्ट द मशीन वर्किंग?’ मशीन बंद आहे.
३. ‘डोन्ट यू हॅव अ फूड लायसन्स?’ लायसन्स आहे.

उत्तरं: १. ‘येस, आय डिड.’ २. ‘नो, इट इजन्ट.’ ३. ‘येस, आय डू.’

घरातल्या कुणाला तरी हे प्रश्न उलटसुलट विचारायला लावा. आठ दिवस रोज पाच मिनिटं केलं तरी पुढचा फोन आला की जीभ अडखळणार नाही.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत धंदा चालू ठेवा, शिकणंही चालू ठेवा!