गळपट्ट्यावरचे रंग तिरपे का धावतात?

बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याचे कारखाने आहेत. तेथे सारी धडपड असते ती ताग्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छटा सारखी राहावी म्हणून. हाताने रंगवलेल्या बहुरंगी लोकरीचे मात्र उलट असते. लोकरीची लडी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवतात. तिच्या एका भागावर निळा, दुसऱ्यावर पिवळा, तिसऱ्यावर लाल रंग ओततात आणि वाफ देतात. लडीचा वेढा १५० सेंमी असेल, तर धाग्यावर दर १५० सेंमीनंतर तेच रंग त्याच क्रमाने पुन्हा येतात.

पालघरकडची थंडी बेताचीच. पहाटेच्या गाडीने निघणाऱ्याला गळ्याभोवती लोकरीचा गोल गळपट्टा पुरतो. दोन टोके लवचीक दोरीने जोडलेल्या गोल सुईवर तो सलग फेऱ्यांनी विणतात. आता गंमत पाहा. एकाच लोकरीचे दोन गळपट्टे विणले, तरी एकावर रंगांचे उभे पट्टे उमटतात, तर दुसऱ्यावर तेच पट्टे तिरपे होऊन गळ्याभोवती फिरतात. असे का व्हावे?

समजा, एका टाक्याला १.५ सेंमी धागा लागतो. १०० टाक्यांच्या फेरीला बरोबर १५० सेंमी धागा लागेल. प्रत्येक फेरीत निळ्यावर निळा, पिवळ्यावर पिवळा येईल. म्हणजे पट्टे उभे. आता १०४ टाके घ्या. फेरीला १५६ सेंमी धागा लागला. रंगांची आवृत्ती ६ सेंमी आधीच संपली. म्हणून प्रत्येक रंग दर फेरीला ४ टाके अलीकडे सरकतो. २५ फेऱ्यांनंतर तो १०० टाके सरकलेला असतो आणि रंगांचा मेळ पुन्हा पहिल्यासारखा जुळतो.

टाके १०० च ठेवले, पण हात सैल पडून प्रत्येक टाक्याला १.५६ सेंमी धागा लागला, तरी फेरी १५६ सेंमीचीच होते. एका टाक्यातला अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक फरक डोळ्याला दिसत नाही. फेरीगणिक साठत गेला की तोच तिरप्या पट्ट्यांच्या रूपाने ठळक दिसतो. प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर मापकाचे तत्त्व याच्याच जवळचे आहे: जवळजवळ सारखी असलेली दोन मापे शेजारी ठेवायची, म्हणजे त्यांतला सूक्ष्म फरक साठत जाऊन वाचता येतो.

लोकर नसली तरी हे पडताळता येईल. काचेच्या सरळ बाटलीवर न ताणणारा जाड दोरा शेजारी शेजारी १० वेढे गुंडाळा. वेढ्यांवरून शाईची एक उभी रेघ ओढा. दोरा सोडवा, बाटलीभोवती वर्तमानपत्राच्या कागदाचे १० थर घट्ट गुंडाळा आणि त्यांवर तोच दोरा पुन्हा तितक्याच ताणाने गुंडाळा. रेघ तिरपी झालेली दिसेल. ती दर वेढ्याला ५ मिमी सरकली असेल, तर परीघ ५ मिमीने वाढला. त्याला २ × ३.१४ ने भागा: त्रिज्या सुमारे ०.८ मिमी वाढली. थर १०, म्हणून एका कागदाची जाडी सुमारे ०.०८ मिमी!

विणणाऱ्यांनीही आधी २० टाके विणून, उसवून, धागा मोजावा. मग पट्टे उभे हवेत की तिरपे, हे टाके घालण्यापूर्वीच ठरवता येते.

आता सांगा: वरच्याच लोकरीचे ९६ टाके घेतले, तर रंग कोणत्या बाजूला सरकतील? आणि ५० घेतले तर?