कोळसा कडक घ्यावा की मऊ?

प्रश्न : हिंगणघाटजवळ आमची सरकीच्या तेलाची लहान गिरणी आहे. बॉयलर एक टनाचा, कोळसा फावड्याने टाकतो. 'कडक कोळसा घ्या, धूर होणार नाही,' असे दलाल म्हणतो. पण दर फार आहे. काय करावे?

उत्तर : मऊच घ्या. खरा कडक कोळसा म्हणजे अँथ्रासाइट, आणि तो आपल्या वर्धा खोऱ्यात निघतच नाही. वणी, माजरी, बल्लारपूरचा सगळा माल मऊ जातीचा. त्यामुळे दलाल नेमके काय विकतोय, हे आधी विचारा. अँथ्रासाइट उशिरा पेटतो, त्याला जाड थर आणि हवेची जोरदार ओढ लागते. तुमचा फायरमन रडकुंडीला येईल.

राहिला धूर. त्यात निम्मा दोष फावड्याचा! मऊ कोळसा तापताच त्यातून वायू सुटतात. त्यांना आगीच्या वरून हवा मिळाली नाही, की काजळी धरते. एकदम ढीग ओतू नका. थोडा थोडा टाका, वरची झडप थोडी उघडी ठेवा.

खरेदी टनाच्या दराने नव्हे, उष्णतेच्या हिशेबाने करा. जी-१० प्रतीत किलोला ४३०१ ते ४६०० किलोकॅलरी मिळतात. साठा बेताचाच ठेवा, हा कोळसा ढिगात आपोआप तापून पेट घेतो.

पऱ्हाटीच्या ब्रिकेटचाही भाव काढा. राख कमी पडते. मात्र इंधन बदलण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कोणते इंधन नोंदले आहे, ते पाहून घ्या.