वास झाकायचा की घालवायचा?

(तोंडाला वास येऊ नये म्हणून आपण काही ना काही चघळतो. पण वास झाकणे वेगळे आणि वास घालवणे वेगळे. हा फरक इरफानला कसा समजला, ते या पाठात सांगितले आहे.)

शनिवारी शाळेत भाषणांची स्पर्धा होती. इरफानचे भाषण पाठ होते, तरी तो उदास होता. सराव करताना शेजारचा मुलगा नाकाला हात लावून हसला होता. तेव्हापासून इरफान बोलताना तोंडावर हात धरू लागला. एका मित्राने त्याला गोड सुपारीची पुडी दिली. "ही खा. तोंडाला छान वास येतो," तो म्हणाला.

घरी इरफान पुडी फोडणार, इतक्यात दादीने पाहिले. तिने विचारले, "बेटा, हे कशाला?" इरफानने सारे सांगितले. दादी रागावली नाही. तिने चाचांना बोलावले आणि म्हटले, "याला जरा तोंड उघडून दाखव."

चाचांचे तोंड दोन बोटे शिरतील एवढेच उघडले. चाचा म्हणाले, "तुझ्या वयाचा असताना मीही हीच सुपारी खात होतो. हळूहळू गाल आतून कडक झाले. आता तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. सुपारीने कर्करोगही होतो, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मी ती सोडली. पण तोंड काही पूर्वीसारखे उघडत नाही."

इरफानने पुडी कचऱ्यात टाकली. "मग मी काय करू?" त्याने विचारले.

आपा बारावीत विज्ञान शिकत होती. ती म्हणाली, "आधी वास कुठून येतो ते बघ. दातांच्या फटीत अन्नाचे कण अडकतात. जिभेच्या मागच्या भागावर थर जमतो. तिथले जीवाणू हे कण कुजवतात. त्यातून गंधकाचे वायू निघतात. त्यांचाच वास येतो. लाळ तोंड स्वच्छ ठेवते. झोपेत ती कमी सुटते, म्हणून सकाळी वास जास्त येतो."

दादीने पिलूच्या झाडाची मिसवाक आणली. "हिचे टोक चावून मऊ कर. मग दात हळूच घास. मिसवाक नसेल तर कडुनिंबाची काडी घे, नाहीतर तुझा ब्रश आहेच. जीभही साफ कर. जेवल्यावर चूळ भर."

मग तिने आपला डबा उघडला. त्यात बडीशेप, वेलची आणि लवंगा होत्या. "जेवणानंतर चिमूटभर बडीशेप किंवा वेलचीचे दोन दाणे चघळ. लाळ सुटते आणि सुवासही येतो. लवंग मात्र एकच घे, ती तिखट असते."

"आणि लसूण खाल्ला तर?" इरफानने विचारले.

"लसणाचा वास रक्तातून फुप्फुसांत जातो आणि श्वासाबरोबर बाहेर येतो," आपा म्हणाली. "तो नुसत्या चुळा भरून जात नाही. पुदिन्याची पाने किंवा सफरचंद खाल्ले, तर तो कमी होतो. पण दात किडला असेल किंवा हिरड्या सुजल्या असतील, तर वेलची काय करणार? तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडेच जायला हवे."

शनिवारी इरफानने भाषण केले. त्याचा हात तोंडावर गेला नाही. भाषण संपल्यावर मित्राने पुन्हा पुडी पुढे केली. इरफान म्हणाला, "आधी माझ्या घरी चल. चाचांना भेट."

शब्दार्थ
सराव – पुन्हा पुन्हा करून पाहणे
फट – दोन वस्तूंमधील अरुंद जागा
चूळ भरणे – तोंडात पाणी घेऊन खळखळून टाकणे
हिरडी – दाताच्या मुळाभोवतीचा मांसल भाग

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इरफान उदास का होता?
(आ) सकाळी तोंडाला वास जास्त का येतो?
२. चाचांना सुपारीमुळे कोणते त्रास झाले?
३. लवंग, वेलची, बडीशेप यांना उर्दूत काय म्हणतात? पुदिना हा शब्द दोन्ही भाषांत आहे. असे आणखी पाच शब्द शोधा.
४. चाचांना भेटल्यावर मित्र काय म्हणाला असेल? पाच वाक्ये लिहा.