रात्रपाळी, परगाव आणि माणसांचा आधार

प्रश्न : कासारवाडीत खोली घेऊन राहतो, चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, घरची मंडळी लातूरकडे. कंत्राटाची मुदत संपत आल्याने झोप उडाली आहे. चार माणसांत मिसळल्याने खरोखर फरक पडतो काय?

उत्तर : पडतो, मात्र ओळखीपाळखीच्या संख्येपेक्षा, अडीनडीला जिचे दार निःसंकोच ठोठावता येईल अशी एखादी व्यक्ती आहे, ही खातरजमाच अधिक उपकारक ठरते. अमेरिकेतील अलामेडा परगण्यातील रहिवाशांची नऊ वर्षांची पाहणी बर्कमन व साइम यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली, तीत ज्यांचे आप्तस्नेह्यांशी संबंध विरळ होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. अशा आधाराचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे वारी : तुकोबांची पालखी आषाढी वारीसाठी तुमच्याच रस्त्याने पुण्यास जाते. तीत वारकऱ्याच्या शिध्याची व मुक्कामाची तजवीज दिंडी कशी करते, हे आपण पाहिले असेलच.

तेव्हा त्याच पाळीचा एखादा सोबती जोडावा, घरी ठरल्या वेळी फोन करावा, आणि चिंता लपवू नये. (उपदेशाचा भडिमार करणारे हितचिंतक मात्र दूरच बरे!) सहानुभूतीने कंत्राटाची मुदत वाढत नाही, त्याविषयी कारखान्याच्या दफ्तरी रीतसर विचारणा करावीच. निद्रानाश हटेना, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.