कृष्णाकाठानं दोन दिवस

पुण्या-मुंबईचे पाहुणे सुट्टीला साताऱ्यात येतात, कास-ठोसेघर उरकतात आणि माघारी फिरतात. खाली सांगलीकडं फारसं कुणी वळत नाही. माझ्याकडं येणाऱ्यांना मी कृष्णेच्या काठानं नेतो. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना आणि हरिपूरला वारणा तिला मिळते. शनिवार-रविवारात तिन्ही संगम आरामात होतात. माणसं हिंडवून जे उमगलं, ते असं:

१. पहाट अजिंक्यताऱ्याला द्यावी.
उजाडायच्या आत सातारकरांची गडावर रीघ लागते. पेन्शनर मंडळी, भरतीची तयारी करणारी पोरं, गप्पा मारत चढणाऱ्या मावश्या. त्यांच्या पावलानं चढावं. नाश्ता कुठं करायचा, कंदी पेढे कुणाकडचे घ्यायचे, हे वाटेतच कळतं.

२. बारा मोटेच्या विहिरीत निवांत बसावं.
लिंब गावची ही विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. बरेच जण फोटो काढून लगेच वर येतात. तुम्ही खाली थांबा. दगडात कोरलेले वाघ-सिंह बघा, मोटा चालवायच्या जागा मोजा. विहिरीच्या पोटातच महाल आहे आणि भर उन्हातही तिथं गारवा असतो. आमराईला पाणी द्यायच्या कामासाठीसुद्धा दगड इतका देखणा घडवायचा, ही त्या काळची नजर तिथं बसल्यावरच कळते.

३. कासला फुलांच्या हंगामातच जावं.
२०१२ साली जागतिक वारसा यादीत आलेलं हे पठार सप्टेंबरात फुलतं. आधी नोंदणी करावी आणि आखलेली पायवाट सोडू नये. कातळावर मातीचा थर जेमतेम असतो, फोटोसाठी टाकलेलं एक पाऊल तिथल्या रोपांना भारी पडतं. कास करायचं तर विहीर पुढच्या खेपेला ठेवावी.

४. दिवस मावळायच्या आत कराड गाठावं.
निघताना माहुलीच्या घाटावर थांबावं. रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. शेजारी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी सारं कराड पोराबाळांसह इथं वाळवंटात उतरतं. त्यांच्यात जाऊन बसावं.

५. मिरजेत कान उघडे ठेवावेत.
सतारमेकर गल्लीत दुकान उघडं दिसलं, तर विचारून आत जावं. कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर हलकेच कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस घेतो. स्वर गोल होऊन घुमेपर्यंत हे चालतं. तेवढा वेळ बोलू नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते अशा हातांमुळं. उस्ताद अब्दुल करीम खाँ इथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत.

६. सांगलीत नाटक असेल, तर तिकीट आधी काढावं.
विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथंच. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात सांगलीकरांबरोबर प्रयोग बघणं हा वेगळा आनंद आहे. आधी गणपतीचं दर्शन घ्यावं आणि परतीच्या पिशवीत भडंग टाकावं.

७. नदीची पातळी विचारावी.
पावसाळ्यात सांगलीकर १९२९ सालच्या आयर्विन पुलाकडं पाणी बघायला जातात. “किती फुटांवर गेलंय?” हा तेव्हा गावभर एकच प्रश्न असतो. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हरिपुरात संगमेश्वराचं दर्शन झालं, की हळदीच्या पेवांबद्दल एखाद्या जाणत्याला विचारावं. जमिनीखालच्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यांची दैना केली. लोक मोकळेपणानं सांगतात, घरात पाणी कुठवर आलं होतं ते हात उंच करून दाखवतात. ज्या नदीकाठी आपण दोन दिवस मजेत हिंडतो, तिच्याशी जन्मभर जुळवून राहणाऱ्यांचं ऐकल्याशिवाय परतीची गाडी पकडू नये.