मोरीत गेलेले सत्त्व

स्वयंपाक म्हणजे जिन्नस, प्रमाण आणि मसाला यांचा हिशेब, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि ज्या घरी धान्य निवडक येते, भाजी ताजी येते, दूधदुभते बेताचे का होईना पण रोज येते, त्या घरच्या माणसांचे पोषण यथास्थित होतच असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु बाजारातून आलेला जिन्नस आणि पानात पडलेले अन्न यांच्या दरम्यान धुणे, चिरणे, शिजविणे आणि ओतून देणे अशा ज्या क्रिया घडतात, त्यांतच त्या जिन्नसाचे मोलाचे सत्त्व नाहीसे होऊ शकते, ही गोष्ट मला कोकणातील एका तालुक्याच्या गावी, खाणावळीचे अन्न खात असताना, स्वतःच्या शरीरावर अनुभवावी लागली. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ज्यांना घराबाहेर राहावे लागते आणि ज्यांच्यावर स्वयंपाकाची जबाबदारी नव्यानेच येऊन पडली आहे, अशांच्या उपयोगी पडावा म्हणून तो अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

बदलीचा हुकूम आला तो ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे बिऱ्हाड मागेच ठेवून मी एकटाच हजर झालो आणि कचेरीतील बहुतेक एकटी माणसे जेथे जेवीत, त्याच खाणावळीत महिन्याचे पैसे भरले. तेथील पान दिसण्यात कोठेही कमी नव्हते. भात, आमटी, पालेभाजी, उसळ, पोळ्या, सारे काही वेळेवर आणि पोटभर मिळे. तरीही श्रावण सरता सरता माझ्या ओठांचे कोपरे चिरू लागले, जीभ लाल होऊन हुळहुळू लागली, तिखटाचा कण लागताच डोळ्यांत पाणी येई, आणि दुपारनंतर दप्तर उघडून बसले की अंगात अशी ग्लानी भरे की समोरचा मजकूर दोनदोनदा वाचावा लागे. गावातील वयोवृद्ध डॉक्टरांनी जीभ पाहिली, रोजच्या जेवणातील पदार्थांची यादी लक्षपूर्वक ऐकली, आणि म्हणाले, "तुम्ही काय खाता ते कळलं, आता ते शिजतं कसं, तेवढं एकदा पाहून या."

मी पाहून आलो. खाणावळवाल्यांनी काही लपविले नाही. लपविण्यासारखे काही आपल्या हातून होत आहे, ही शंकाच त्यांना कधी आली नव्हती. पांढराशुभ्र, घोटून पॉलिश केलेला तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत चोळचोळून धुतला जाई, मग पातेलेभर पाण्यात शिजवून वेळून काढला जाई, आणि ती दाट, वाफाळती पेज सरळ मोरीत जाई. पालेभाजी आदल्या रात्री चिरून पाण्यात बुडवून ठेवलेली असे. सकाळी ते हिरवट पाणी फेकून ती पुन्हा उकडली जाई आणि उकडलेले पाणी पिळून टाकले जाई. डाळ आणि कडधान्य लवकर मऊ व्हावे म्हणून त्यांत खाण्याचा सोडा पडे. भज्यांची कढई चुलीवरून सहसा उतरत नसे. तिच्यातील तेल काळसर, चिकट झालेले असे आणि ते आटले की त्यातच नवे तेल ओतले जाई.

डॉक्टरांनी मग जे समजावून सांगितले, ते शास्त्राच्या दृष्टीने अगदी साधे आहे. 'ब' गटातील जीवनसत्त्वे आणि 'क' जीवनसत्त्व ही पाण्यात विरघळणारी आहेत. ज्या पाण्यात अन्न भिजते आणि शिजते त्या पाण्यात ती उतरतात, आणि ते पाणी ओतून दिले की त्याच्याबरोबरच निघून जातात. जी काही उरतात त्यांपैकी 'ब-1' सोड्याच्या क्षाराने नष्ट होते, आणि ज्याच्या अभावी जीभ व ओठांचे कोपरे असे होतात त्या 'ब-2'लाही क्षार सोसत नाही. त्यांनी काही दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, परंतु जेवणाची व्यवस्था बदलण्यावर त्यांचा भर अधिक होता. आणि त्यांच्याच मध्यस्थीने, जवळच्या आळीत राहणाऱ्या एका काकूंकडे माझे जेवण ठरले.

काकूंच्या स्वयंपाकघरात मी जे शिकलो, ते पुढे मी माझ्या घरी अंमलात आणले आणि आजही तसेच चालू आहे. पहिल्याच दिवशी त्या लाल माठ करीत होत्या. अखंड पाला त्यांनी परातभर पाण्यात खळबळला, माती तळाशी बसू दिली, आणि पाणी न ओतता पालाच वर उचलून घेतला. असे तीनदा केल्यावर मगच विळी पुढे ओढली, कारण चिरलेला पाला धुतला तर चिरांमधून रस पाण्यात जातो. लोखंडी कढईत लसणाची फोडणी दिली, पाला टाकला, आणि वर पितळेची ताटली ठेवून तिच्यात पाणी घातले. भाजीत पाण्याचा थेंबही नाही हे पाहून मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाल्याला त्याचं पाणी त्याला पुरतं, भाऊ. आपण ओतायचं आणि मग आपणच पिळून टाकायचं, हवंय कशाला?"

ताटलीतल्या पाण्याने तिचे बूड थंड राहते, आतली वाफ त्याला लागून थेंबाथेंबाने पुन्हा भाजीत पडते, आणि एखादी भाजी तळाला लागू लागलीच तर ओतायला कोमट झालेले पाणी हाताशी असते. एवढ्याशा युक्तीने भाजी आपल्याच वाफेवर, मंद आचेवर, थोड्या वेळात शिजते. पाला खाली बसल्यावर काकूंनी मीठ घातले, कारण कच्च्या पाल्याच्या ढिगाकडे पाहून घातलेले मीठ हमखास जास्त होते. कढईच्या तळाशी जांभळट लाल रस सुटला होता. त्यावर त्यांनी मूठभर ओले खोबरे भुरभुरले, ते खोबरे तो रस पिऊन गुलाबी झाले, आणि भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घेतली, लोखंडात रेंगाळून काळी पडू नये म्हणून. मोरीत काहीच गेले नाही.

भाताच्या बाबतीत तर कोकणच्या जुन्या दस्तुराला मी मनापासून मान देतो. उकडा तांदूळ करताना भात कोंड्यासकट भिजवून वाफवतात, तेव्हा वरच्या आवरणातील 'ब-1' दाण्याच्या आत शिरते आणि पुढे कांडताना, धुताना त्याची हानी कमी होते. क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर असे पाहिले की, पॉलिशच्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा मज्जातंतूंचा विकार जडतो आणि कोंडा दिल्यावर तो हटतो. या कार्याबद्दल 1929 साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या कोकणात आणि गोव्यात शेतावर जाणारा माणूस सकाळी उकड्या तांदळाची पेज मिठाच्या कण्यांसह पितो, त्यात शिजलेले पाणी वाया जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यांना उकडा रुचत नाही त्यांनी निदान बैठा भात करावा. तांदूळ न चोळता एकदोन पाण्यांतून हलकेच काढावा, एका वाटीस सुमारे दोन वाट्या पाणी घालावे, उकळी फुटताच आच मंद करून झाकण ठेवावे, आणि पाणी आटल्यावर खाली उतरवून दहा मिनिटे तसाच मुरू द्यावा.

डाळीला सोडा नको. तिला वेळ हवा. तूर अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात हळद, हिंग आणि तेलाचा थेंब घालून शिजविली तर ती पुरेशी मऊ होते, मात्र चिंच किंवा आमसूल डाळ पूर्ण शिजल्यानंतरच घालावे, कारण आंबट पाण्यात डाळ शिजायला अडून बसते. पुष्कळ घरांत सोड्याची गरज भासते ती याच एका कारणाने. मटकी, मूग रात्रभर भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधावे. कोरड्या कडधान्यात जवळजवळ नसलेले 'क' जीवनसत्त्व मोड फुटताना तयार होते, आणि लोहाच्या शोषणाला अडथळा करणारा फायटेट हा पदार्थही कमी होतो. उसळ झाकून शिजवावी, आणि लिंबू पानात बसल्यावर पिळावे. तापवून त्याचे 'क' जीवनसत्त्व घालविण्यात काय लाभ? ते लिंबू डाळी-पाल्यातील लोह अंगी लागण्यास साह्य करते, तर जेवणावर लगोलग घेतलेला चहा नेमके उलटे करतो. कुळीथ शिजविले की त्याचे पाणी वेगळे काढून त्याचे कळण करावे.

तळणाच्या तेलाबद्दल शब्द वाढवीत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तळून बिघडलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा 25 टक्के ठरवून दिली आहे. घरी ते मोजण्याचे साधन नसते, तेव्हा एकदा तळलेले तेल गाळून दोनतीन दिवसांत फोडणीला संपवावे आणि काळे पडलेले, फेसाळणारे तेल टाकून द्यावे. उरलेल्या भाताविषयी मात्र अधिक खबरदारी हवी. शिजतानाही न मरणारे जंतूंचे बीज भातात असते, कोमट भातात ते रुजते, आणि त्याने निर्माण केलेले विष फोडणी देऊनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात लवकर निववून तास-दोन तासांत शीतकपाटात ठेवावा, आणि रात्रभर ओट्यावर राहिलेला भात, कितीही हळहळ वाटली तरी, खाऊ नये.

खाणावळी चालविणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येथे सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना एक पैसाही अधिक लागत नाही, उलट थोड्या पाण्यात झाकून शिजविल्याने जळणच वाचते; आणि तुमच्या पंक्तीला बसणारी मुले वर्षानुवर्षे त्याच अन्नावर वाढत असतात. मोठ्या पातेल्यात बैठा भात नीट साधत नाही, तळाला लागतो, ही तुमची अडचण खरी आहे. भात वेळूनच काढावा लागत असेल तर अवश्य काढा. पण वेळणीखाली मोरीऐवजी आमटीचे भांडे ठेवा, आणि आमटी त्या पेजेने पातळ करा.